जुन्या ओबीएमच्या लोअर युनिटचे सील कसे बदलायचे – पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली आणि होड्या वर ओढल्या की आमच्या देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात घरोघरी पडवीत ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड मोटर, उतरवलेली दिसतात, आणि दरवर्षी कोणीतरी विचारायला येतोच की खालच्या गिअरचं तेल दुधासारखं पांढरं झालंय, आता काय करू. हे त्यांच्यासाठी लिहितोय. माझं स्वतःचं मशीन यामाहा एन्ड्युरो १५ एचपी टू-स्ट्रोक आहे, जुनं आहे, त्यामुळे उदाहरणं त्याचीच येतील, पण ८ पासून ४० एचपीपर्यंतच्या बहुतेक जुन्या टू-स्ट्रोकना गणित हेच. बोल्टांची संख्या आणि सीलचं माप तेवढं बदलतं.

आधी खालच्या डब्यात, म्हणजे लोअर युनिटमध्ये, चाललंय काय ते समजून घ्या. वरून इंजिनचा उभा शाफ्ट खाली येतो, तो पिनियनने, म्हणजे टोकाच्या छोट्या दातेरी चाकाने, पुढच्या-मागच्या दोन गिअरना फिरवतो, आणि आडवा शाफ्ट बाहेर येऊन पंखा फिरवतो. हे सगळं तेलात बुडालेलं आणि डबा मात्र कायम खाऱ्या पाण्यात. म्हणजे जिथे जिथे काही बाहेर येतं तिथे पाणी आत शिरायची वाट आहे: पंख्याच्या शाफ्टवरचे दोन सील (शाफ्टला घट्ट धरणारी रबरी कडी), वरती वॉटर पंपाखाली उभ्या शाफ्टवरचे सील, गिअर टाकायच्या रॉडवरचा छोटा ओ-रिंग किंवा सील, बेअरिंग कॅरिअरभोवतीचा (पंख्याचा शाफ्ट ज्या गोल तुकड्यातून बाहेर येतो त्याच्या भोवतीचा) मोठा ओ-रिंग, आणि तेल भरायच्या-काढायच्या दोन बोल्टांचे वायसर. एवढ्याच जागा.

पाणी शिरतं कधी हेही बघा. लोकांना वाटतं मशीन चालू असताना शिरतं, पण बऱ्याचदा ते बंद केल्यावर शिरतं. तासभर चालवल्यावर गिअरबॉक्स गरम होतो, आतली हवा आणि तेल फुगतं, मशीन बंद केलं की खाडीच्या पाण्यात ते थंड होऊन आकसतं आणि आत ओढ तयार होते, सील जरा जरी ढिला असला की त्या ओढीने पाणी आत. म्हणून ज्याच्या फेऱ्या दिवसातून पाच-सहा होतात, चालू-बंद चालू-बंद, त्याचं तेल लवकर पांढरं होतं.

उघडण्याआधी गळती शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच लोक सोडून देतात. मीही सोडलं होतं. एका वर्षी पावसाळ्यानंतर तेल दुधाळ झालं म्हणून दिवाळीच्या आधी पंख्याकडचे दोन्ही सील नवीन घातले, महिन्याभरात परत दुधाळ, परत नवीन सील, परत तेच, आणि अर्धा सीझन गेल्यावर कळलं की सील दोन्ही वेळा चांगलाच होता, शाफ्टच खाल्लेला होता. तो शाफ्ट पहिल्याच दिवशी नखाने तपासला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

मशीन रात्रभर उभं ठेवा, सरळ. सकाळी खालचा ड्रेन बोल्ट अगदी किंचित सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. आधी चमचाभर स्वच्छ पाणी येऊन मग चांगलं तेल आलं तर पाणी शिरलंय पण घुसळलं गेलेलं नाही, म्हणजे बहुतेक गळती ताजी आहे. सगळंच दुधाच्या चहासारखं असेल तर त्या पाण्यावर मशीन चाललंय. मग वरचा बोल्ट काढा म्हणजे तेल पूर्ण निथळेल, खाली बाटली धरा आणि ते तेल खाडीत ओतू नका, आपणच तिथे मासे धरतो. ड्रेन बोल्टाला लोहचुंबक असेल तर त्याला चिकटलेलं बघा. काळा मऊ लेप चालतो, तो जुन्या मशीनला येणारच. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर गिअरचा दात किंवा बेअरिंग गेलंय, तिथे नुसत्या सीलने भागणार नाही आणि ते काम शिम (गिअरची खोली ठरवणाऱ्या पातळ चकत्या) लावायची माहिती असलेल्या माणसाकडे द्या.

आता त्या दोन बोल्टांचे वायसर बघा. चपटे झालेले, फाटलेले, कधी कधी तर दोन एकावर एक बसलेले असतात कारण जुना आत चिकटून राहिलेला कोणी काढलाच नाही. कितीतरी वेळा सगळं दुखणं एवढंच असतं. वायसर नवीन घालून, नवीन तेल भरून एक आठवडा चालवून बघा, तेल स्वच्छ राहिलं तर पुढचं काही उघडायची गरज नाही.

तरीही पाणी येतंय तर हवा भरून तपासायचं. त्यासाठी लेथवाल्याकडून तेलाच्या बोल्टाच्याच आट्यांचा एक बोल्ट मधून भोक पाडून घ्या, त्याला नळी, नळीला सायकल ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि मध्ये एक प्रेशर गेज. एकदा केलं की जन्मभर वापरा, शेजाऱ्यांनाही द्या. तेल काढलेल्या गिअरबॉक्सला ते वरच्या भोकात लावायचं, खालचा बोल्ट घट्ट बंद, आणि सायकल पंपाने हळूहळू हवा. आधी ३ ते ५ पीएसआयवरच थांबा आणि काटा बघत बसा, कारण थकलेला सील कमी दाबाला गळतो आणि जास्त दाबाला त्याचं ओठ (शाफ्टवर घासणारी आतली कड) शाफ्टला दाबलं जाऊन गळती लपते. मग वाढवत १४ पर्यंत न्या, १५ च्या वर नाही, कारण चांगले सीलही त्याने उलटतात. कॉम्प्रेसर लावू नका, एका क्षणात ५० चढतो. हवा भरलेली असताना पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा, वर-खाली हलवा, उभा शाफ्टही फिरवा, गिअर रॉड वर-खाली करा. काटा उतरत असेल तर सगळ्या जागांवर साबणाचं पाणी लावा किंवा सरळ पाण्याच्या पिंपात बुडवा. बुडबुडे जिथून येतील तिथे खडूने खूण करा. आता तुम्हाला कळलंय की उघडायचं कुठे.

पंख्याकडची बाजू

स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवा, हे पहिलं. पंखा हाताने फिरवताना मशीन चुकून चालू होता कामा नये.

पंख्याची कॉटर पिन सरळ करून काढा, नट, वायसर, पंखा, आणि पंख्यापुढचा थ्रस्ट वायसर. काढलेल्या क्रमाने एका फळीवर मांडत जा आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. पंखा निघाला की शाफ्टच्या मुळाशी नीट बघा, बॅटरी मारून बघा. आमच्याकडे दहातल्या कितीतरी मशीनांत तिथे तंगूस गुंडाळलेली सापडते. नायलॉनची ती दोरी पंख्यात आली की मागे सरकत सरकत सीलपाशी जाते, तिथे फिरून फिरून गरम होते आणि वितळून कडक कडं बनतं, रंगाने काळपट, नखाने टोचलं तर काचेसारखं. ते कडं सीलचं ओठ कापतं आणि शाफ्टलाही खातं. ब्लेडने कापून काढा, पण ब्लेड शाफ्टच्या लांबीच्या दिशेने चालवा, गोल फिरवून शाफ्टवर चरा पाडू नका.

आता बेअरिंग कॅरिअर. माझ्या मशीनला दोनच बोल्ट आहेत, मोठ्या मशीनना आत गोल रिंग नट असतो ज्याला वेगळं टूल लागतं. बोल्ट निघाले म्हणजे कॅरिअर निघेल असं नाही, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेलं ॲल्युमिनियम पांढरी पूड धरून चिकटून बसतं. डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी कॅरिअरच्या कानाला लाकडाचा तुकडा टेकवून हातोडीने हलकं ठोका म्हणजे ते जागेवर गोल फिरेल, एकदा का फिरलं की निम्मं काम झालं, मग फिरवलेल्या कानांच्या मागून आळीपाळीने ठोकत बाहेर काढायचं. नाहीच हललं तर बाहेरच्या घराला, म्हणजे लोअर युनिटच्या डब्याला, गॅस टॉर्चने ऊब द्या, कॅरिअरला नाही, घर फुगलं पाहिजे. तेल आधी काढलेलं असावं आणि पेट्रोलची टाकी लांब. छन्नी मारून उचकटू नका, ओ-रिंग बसायच्या जागेवर एक खाच पडली की ती गळती कायमची.

कॅरिअर बाहेर येताना शाफ्टही सोबत येतो. इथे सावध राहा, माझ्यासारख्या मशीनच्या शाफ्टच्या आतल्या टोकाला गिअर बदलणारा एक छोटा प्लंजर नुसताच बसवलेला असतो, तो टपकन पडतो आणि अंगणाच्या वाळूत सापडत नाही. खाली कापड पसरा. पातळ वायसरसारखे शिम दिसले तर ते जिथले तिथे, त्याच क्रमाने, दोऱ्यात ओवून ठेवा, कारण गिअरचे दात किती खोल बसतात हे त्यांच्यावर ठरतं.

शाफ्टला नख लावा

सील जिथे घासतो ती जागा कापडाने पुसून चकचकीत करा आणि नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेने त्यावरून न्या. नख कुठे अडकलं नाही तर छान. डोळ्याला नुसती चकचकीत रेघ दिसते पण नखाला लागत नाही, तेही चालेल. पण नख अडकलं तर तिथे खोबण पडलीय आणि कितीही भारी सील घाला, त्या खोबणीतून पाणी येणारच. माझं हेच झालं होतं.

खोबण असेल तर तीन रस्ते आहेत. एक, कॅरिअरमध्ये जागा असेल तर नवीन सील जुन्यापेक्षा एखाद मिलिमीटर कमी आत बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर घासेल. दोन, स्पीडी-स्लीव्ह म्हणून शाफ्टवर चढवायची कागदाएवढी पातळ स्टीलची नळी मिळते, शाफ्टचं माप देऊन बेअरिंगच्या दुकानात विचारा. तीन, शाफ्टच नवीन. मी पहिला रस्ता धरला आणि तो चालला, पण दोन सीलच्या मध्ये फट किती राहते ते आधी मोजून घेतलं होतं. एमरी पेपरने खोबण घासून काढायचा प्रयत्न मात्र करू नका, शाफ्ट बारीक होतो आणि सीलची पकड जाते. गंजाचे बारीक ठिपके असतील तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओल्याने हलकं पुसा, तेवढंच.

सील घेताना

कंपनीचा सील मिळत असेल तर तोच घ्या. जुन्या मशीनचा नेहमी मिळत नाही, मग बेअरिंग-ऑइल सीलच्या दुकानात माप सांगून घ्यावा लागतो. सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले असतील तर व्हर्नियरने शाफ्ट आणि कॅरिअरचं भोक मोजा, जुन्या सीलचं रबर मोजू नका, ते ताणलेलं असतं. आकड्यांच्या आधी अक्षरं असतील तर टीसी म्हणजे बाहेरून रबर आणि दोन ओठ, एससी म्हणजे बाहेरून रबर आणि एक ओठ, टीबी म्हणजे बाहेरून पत्रा आणि दोन ओठ.

आणि एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून विचारा, आतली गोल स्प्रिंग स्टेनलेसची आहे का. साध्या ऑइल सीलमध्ये साध्या स्टीलची स्प्रिंग असते, ट्रॅक्टरला किंवा मोटरसायकलला ती चालते पण खाऱ्या पाण्यात एका सीझनमध्ये गंजून तुटते, आणि स्प्रिंग गेली की ओठ शाफ्टला धरत नाही. मी असा बाजारातला सील काढला तेव्हा स्प्रिंगच्या जागी नुसती तांबडी माती होती. रबर नायट्राइलचं चालतं, व्हिटॉनचं मिळालं तर उष्णतेला अजून टिकतं, पण स्प्रिंगचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

बसवताना

जुने सील काढण्याआधी ते कोणत्या बाजूला तोंड करून बसलेत त्याचा फोटो आणि कागदावर चित्र, दोन्ही करा. स्प्रिंग दिसते ती बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे असते. काही मशीनमध्ये दोन्ही सीलची तोंडं पाण्याकडे, काहींत पाठीला पाठ, म्हणजे एक तेल अडवतो आणि दुसरा पाणी. मित्राच्या मशीनमध्ये बघून आपल्यात बसवू नका, कंपनी वेगळी असेल तर रीत वेगळी. कॅरिअरच्या तोंडापासून सील किती आत आहे तेही व्हर्नियरने मोजून लिहा.

जुना सील पुलरने किंवा टोक वाकवलेल्या जाड स्क्रूड्रायव्हरने उचका, खाली लाकडाचा आधार द्या म्हणजे कॅरिअरची कड दबणार नाही, आणि मागे सुयांचं बेअरिंग आहे हे विसरू नका. सीलची जागा आणि ओ-रिंगची खोबण स्वयंपाकघरातल्या हिरव्या स्क्रबरने आणि रॉकेलने साफ करा, पांढऱ्या पुडीचा कणही राहू देऊ नका. ओ-रिंगखाली ती पूड राहिली की नवीन ओ-रिंगही गळतो, आणि मग लोक ओ-रिंगला नावं ठेवतात.

बाहेरून रबर असलेल्या सीलला कडेला थोडं तेल लावा, बाहेरून पत्रा असलेल्याला पातळ गॅसकेट सीलंट. मग सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा अगदी थोडा लहान सॉकेट घ्या, सपाट बाजू सीलवर, आणि हलक्या हातोडीने सरळ आत. एका बाजूला जास्त ठोकला तर सील तिरका बसतो आणि तिरका सील पहिल्या दिवसापासून गळतो, म्हणून दर दोन-तीन ठोक्यांनी थांबून चारी बाजूंनी खोली मोजा. दोन सीलच्या मधली जागा मरीन ग्रीसने भरा आणि ओठांनाही लावा. कोरडा सील पहिल्या मिनिटातच जळतो.

शाफ्ट कॅरिअरमधून घालताना त्याच्या टोकाचे आटे, पिनचं भोक, स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते), सगळं सीलच्या ओठावरून जातं आणि ते धारदार असतं. दुधाची प्लॅस्टिक पिशवी धुऊन वाळवून त्याची एक पट्टी टोकावर गुंडाळा, वरून ग्रीस, आणि फिरवत फिरवत घाला. नवीन सील इथेच कापले जातात, बसवणाऱ्याला कळतही नाही आणि दोष सीलला मिळतो.

वरची बाजू, वॉटर पंपाखाली

पंख्याकडचं काम माझ्यासारख्या मशीनला लोअर युनिट जागेवर ठेवूनही होतं, पण वरचे सील बदलायला ते खाली उतरवावंच लागतं. गिअर रॉडचा जोड आधी सोडवा, कुठल्या गिअरमध्ये होता आणि रॉडचे किती आटे आत होते त्याची खूण करा. मग युनिट सरळ खाली. पंपाचं घर, इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं रबरी चाक), त्याला शाफ्टवर अडकवणारी छोटी चावी, स्टीलची प्लेट, आणि त्याखाली सीलचं घर. उघडलंच आहे तर इम्पेलर नवीन घाला, जुना परत घालण्यात काही अर्थ नाही. त्याच्या पात्या वाकवताना उभा शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवत घर खाली दाबा म्हणजे पात्या बरोबर बाजूला वळतील.

सील बसवायची रीत पंख्याकडच्यासारखीच. सीलचं घर शाफ्टवरून खाली सरकवताना चावीच्या खाचेवर प्लॅस्टिकची पट्टी लावा, ती खाच ब्लेडसारखी असते. शाफ्टवर इथेही नख लावायचं. गिअर रॉडचा ओ-रिंग बदला, अगदी छोटा असतो म्हणून राहून जातो.

युनिट परत वर चढवताना उभ्या शाफ्टच्या स्प्लाइनना कडेने ग्रीस लावा, पण अगदी वरच्या टोकावर थापू नका, ग्रीस वर कोंडतं आणि शाफ्ट पूर्ण आत बसत नाही. पाण्याची नळी पंपाच्या रबरात नीट गेली का ते वाकून बघा. स्प्लाइन जुळत नसतील तर फ्लायव्हील (इंजिनच्या डोक्यावरचं जड चाक) हाताने जरा फिरवा, बोल्ट आवळून ओढून आणू नका. बोल्टांच्या आट्यांना ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी तुटणार नाहीत. ८ मिमी आट्यांचे बोल्ट (पान्याचं माप नव्हे) साधारण १८ न्यूटन-मीटर, १० मिमी आट्यांचे ३६ च्या आसपास, पण तुमच्या मशीनचं मॅन्युअल असेल तर त्यातलाच आकडा धरा.

तेल भरायच्या आधी परत एकदा

तोच सायकल पंप, तोच गेज. कमी दाबाला बघा, मग १४ ला बघा, शाफ्ट फिरवत बघा. काटा हलला नाही तरच तेल. ब्रेकची हवा काढायचा हातपंप कोणाकडे असेल तर उलटी ओढ देऊनही बघा, कारण पाण्यात मशीन थंड होताना तीच ओढ पडते.

तेल हायपॉइड गिअर ऑइल एसएई ९०, जीएल-४. भरायचं खालच्या भोकातून, वरचा बोल्ट काढून ठेवून, म्हणजे हवा वरून निघून जाते. वरून ओतलं तर मध्ये हवा अडकते आणि भरल्यासारखं वाटून निम्मंच भरलेलं असतं. १५ एचपीला साधारण पाव लिटर लागतं. वरच्या भोकातून बुडबुडे बंद होऊन नुसतं तेल आलं की आधी वरचा बोल्ट नवीन वायसरसकट लावा, मग खालची नळी काढून चटकन खालचा बोल्ट. या क्रमाने वरचं भोक बंद असतं म्हणून खालून तेल फार सांडत नाही.

मग पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवा, इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार नीट येतेय का ते बघा, एकदा पुढे एकदा मागे गिअर टाका. बंद करून त्याच पिंपात थंड होऊ द्या, रात्रभर राहू दे, हीच खरी परीक्षा. सकाळी बाहेर काढून उभं करा, तासाभराने खालचा बोल्ट किंचित सैल करा आणि पहिले दोन-चार थेंब पांढऱ्या बशीत घ्या. तेलाचा रंग डब्यातल्यासारखाच असला की होडीवर चढवा. दहा तास चालल्यावर ते तेल एकदा बदला, आतला राहिलेला ओलावा आणि नवीन घासलेलं जे काही असेल ते त्यासोबत निघून जातं, आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते. दर आठवड्याला पंखा काढून तंगूस मात्र बघत जा, त्याला पाच मिनिटं लागतात.